बंदरावरची शेड जळाली. आग लागली की लावली, हे सरकारी पथक कसं ठरवतं?

तुमच्या बंदरावरची जाळी आणि इंजिनं ठेवायची शेड रात्रीत जळाली, शेजारची फायबरची होडीही गेली. वाडीत सगळे 'पेट्रोल ओतलं' म्हणतायत आणि तपासाला आलेली माणसं राखच उकरत बसलीयत. ती काय शोधतायत, हा तुमचा प्रश्न.

ती आधी आग कुठे सुरू झाली ते शोधतात, कशाने लागली ते नंतर. जागा न ठरवता कारण ठरवलं की तपास फसलाच म्हणून समजा.

सुरुवात जबाबांपासून होते. अग्निशमनचे जवान पोचले तेव्हा ज्वाळा कुठल्या बाजूला होत्या, दाराला कुलूप होतं का, ते कोणी तोडलं, वारा कुठला होता. गावकऱ्यांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ वेळेसकट घेतात. मग कमी जळालेल्या भागाकडून जास्त जळालेल्या भागाकडे सरकायचं. कौलारू शेडमध्ये वासे जळून कौलं खाली येतात, ती फावड्याने ओढून चालत नाही. एकेक थर फोटो काढून उचलावा लागतो, कारण कौलांखाली दबलेली जमीन छप्पर कोसळण्याआधीची स्थिती दाखवते. म्हणून दोन-दोन दिवस जातात.

जास्त जळालं तिथूनच आग सुरू झाली, असं मात्र नाही. छताखालचा धूर सुमारे ६०० अंशांवर गेला की आतलं सगळं एकदम पेट घेतं आणि मग हवा मिळेल तिथे आग जोर धरते. समुद्राकडचं दार उघडं असेल तर कोळसा तिथेच सर्वांत खोल असू शकतो. वायरचंही तसंच. तांबं १०८५ अंशांना वितळतं, म्हणून वितळलेलं टोक दिसलं एवढ्यावरून काही ठरत नाही. वायरच्या टोकाला स्पष्ट सीमा असलेला गोळा दिसला, तर आग पोचली तेव्हा वीज चालू होती एवढंच बहुधा कळतं. शॉर्टसर्किटने आग लागली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी विद्युत निरीक्षकाचं मत घेतात.

आता पेट्रोल. नमुने फरशीच्या फटी, दाराची चौकट, जांभ्याचे सांधे अशा द्रव मुरणाऱ्या जागांतून घेतात. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे, आणि डबा साधारण दोन-तृतीयांशच भरायचा, वाफेला वर जागा हवी. साधी पॉलिथिनची पिशवी चालत नाही, तिच्यातून वाफ निघून जाते. नायलॉनची पिशवी किंवा घट्ट झाकणाचा, आतून लेप असलेला पत्र्याचा डबा लागतो. बिनलेपाच्या डब्याला ओल्या राखेने गंज चढून भोकं पडतात. मातीचा नमुना थंड ठेवावा लागतो, नाहीतर जिवाणू पेट्रोल खाऊन टाकतात. प्रयोगशाळेत डबा गरम करून वाफ सक्रिय कोळशाच्या पट्टीवर धरतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीने तिचे घटक वेगळे करून ओळखतात.

बंदरावर खरी अडचण पुढे येते. फायबरची होडी जळताना रेझिनमधून, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या राळेसारख्या पदार्थातून, स्टायरीन हे रसायन सुटतं आणि तेही नमुन्यात येतं. शेडमध्ये डिझेल, थिनर, इंजिन ऑइल आधीपासून असतंच. म्हणून लावलेल्या आगीचा संशय असलेल्या जागेबरोबरच, न जळालेल्या कोपऱ्यातूनही तुलनेचा नमुना घ्यावा लागतो. तो घेतला नसेल तर 'पेट्रोलियम पदार्थ आढळला' या अहवालाला माझ्या मते फारशी किंमत नाही. डिझेलच्या शेडमध्ये डिझेल सापडणारच! प्रशिक्षित कुत्र्याने जागा दाखवली तरी प्रयोगशाळेचा दुजोरा लागतोच.

आपोआप पेटणाऱ्या गोष्टीही तपासतात: ओलसर खोबरं, जवसाच्या तेलाचे बोळे आणि होडी दुरुस्तीत उरलेलं हार्डनर मिसळलेलं रेझिन. बादलीत साठलेलं असं रेझिन स्वतःच तापत जातं, आणि हार्डनर व कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते रसायन) थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो.

मोठ्या आगींसाठी अमेरिकेत एटीएफ या शस्त्रं-स्फोटकांचे आणि आगी लावण्याचे गुन्हे तपासणाऱ्या केंद्रीय संस्थेचं राष्ट्रीय प्रतिसाद पथक १९७८ पासून आहे. तपासनीस, रसायनतज्ज्ञ, विद्युत अभियंता आणि श्वान त्यात एकत्र जातात. आपल्याकडे हीच कामं पोलीस, अग्निशमन, विद्युत निरीक्षक आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा यांच्यात वाटलेली आहेत, त्यामुळे त्यांच्यातला ताळमेळ सुटला की पुरावा जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जाऊन चित्रीकरणासह पुरावा गोळा करायचा आहे. राज्यांना ते लागू करायला ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. आग लावण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये येतो.

'दुसरं काही सापडलं नाही, म्हणजे लावलीच' हा निष्कर्ष एनएफपीए ९२१ या आगीच्या तपासाच्या अमेरिकी मार्गदर्शिकेने २०११ च्या आवृत्तीत नाकारला. तुमच्या अहवालात अशी ओळ आली तर जरूर हरकत घ्या.

तोवर राख हलवू नका, पाऊस येण्याआधी ताडपत्री टाका. शेडमध्ये कुठल्या कोपऱ्यात किती लिटर डिझेल, थिनर, रेझिन होतं याची यादी मालकाच्या सहीने आजच तपास अधिकाऱ्याला द्या आणि पंचनाम्यात तिची नोंद घ्यायला सांगा.