बडोदा : २२ खोल्यांच्या हॉटेलसाठी आयपी फोन आणि कॉलचं बिल

प्रश्न असा आहे: सयाजीगंजात २२ खोल्यांचं हॉटेल, जुना ईपीएबीएक्स (हॉटेलचं आतलं टेलिफोन एक्स्चेंज) बंद पडलाय, स्वस्तात इंटरनेटवरची सिस्टीम हवी आणि खोलीवार बिल निघायला हवं.

खोल्यांतले फोन आणि भिंतीतली वायर बदलू नका. खोलीखोलीत आयपी फोन (नेटवर्कच्या वायरीवर चालणारा) म्हणजे नवी लॅन केबल आणि पीओई स्विचचा, म्हणजे त्याच केबलमधून फोनला वीज देणाऱ्या स्विचचा खर्च, अन् गिऱ्हाईक फोन उचलणार तो चहा मागवायला. २४ पोर्टचा एफएक्सएस गेटवे (साधे फोन आयपी सिस्टीमला जोडणारा डबा) घेऊन क्रोनवरच्या, म्हणजे सगळ्या खोल्यांच्या वायरी जिथं येतात त्या पट्टीवरच्या जोड्या त्याला द्या. २२ खोल्या, किचन आणि एक पोर्ट शिल्लक. रिसेप्शनला मात्र आयपी फोन. सर्व्हरसाठी ४ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला वापरलेला मिनी पीसी चालतो, त्यावर डेबियन १२ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) आणि फ्रीपीबीएक्स १७ (एक्स्चेंजचं फुकट सॉफ्टवेअर). हे सांभाळणारा माणूस नसेल तर मॅट्रिक्स ही एक्स्चेंज बनवणारी आपल्या बडोद्याचीच कंपनी आहे, तिचंही कोटेशन मागवा.

एक्स्टेंशन सरळ खोलीच्या नंबराचं ठेवू नका. १०१ फायर ब्रिगेड, १०८ ॲम्ब्युलन्स, ११२ इमर्जन्सी. पहिल्या मजल्याच्या खोल्या नेमक्या यांच्याशी भिडतात. ११०१, ११०८ असे चार अंक द्या आणि इमर्जन्सी नंबर प्रत्येक खोलीतून उघडे ठेवा.

आता बिल. कॉल रेकॉर्डमध्ये दोन आकडे दिसतात: ड्युरेशन आणि बिलसेक. ड्युरेशनमध्ये रिंग वाजण्याचा वेळही येतो, बिलसेक म्हणजे फोन उचलल्यानंतरचे सेकंद, म्हणून हिशेब बिलसेकवर करा. ६० सेकंदांचा पल्स (आकारणीचा एक टप्पा) असेल तर ६१ सेकंदांचे २ पल्स. एसआयपी ट्रंकवर, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या बाहेरच्या लाइनवर (तो परवानाधारक ऑपरेटरचाच घ्या; ४ चॅनेल, म्हणजे एका वेळी ४ कॉल पुरतात) पलीकडच्यानं उचलल्याचा संदेश येतो. जुनी तांब्याची लाइन एफएक्सओ पोर्टला (बाहेरची साधी लाइन घेणारा पोर्ट) जोडलीत तर तो येत नाही. डायल झालं की मीटर सुरू, आणि न उचललेल्या कॉलचेही पैसे लागतात. भांडण इथंच होतं. त्या लाइनवर ऑपरेटरकडून पोलॅरिटी रिव्हर्सल (पलीकडं फोन उचलला की लाइनची धन-ऋण बाजू उलटते, ती खूण) चालू करून घ्या, गेटवेतही तो पर्याय लावा.

दुसरी गळती ट्रान्स्फरची. रिसेप्शननं नंबर लावून खोलीला जोडून दिला की कॉल रिसेप्शनच्या नावावर पडतो. खोलीतूनच डायल करू द्या, किंवा खोलीवार अकाउंट कोड (कॉल कुणाच्या खात्यावर टाकायचा ते सांगणारा आकडा) ठेवा. चेक-इन, चेक-आउटची वेळही नोंदवा, नाहीतर आधीच्या पाहुण्याचे कॉल पुढच्याच्या बिलात.

खरं तर हल्ली खोलीतून बाहेर कोण फोन करतं? ट्रंकचा प्लॅन अनलिमिटेड असेल तर देशातले कॉल फुकट द्या आणि ००ने सुरू होणारे (परदेशी) सगळे बंद ठेवा. इमर्जन्सी नंबर सोडून बाहेरच्या कॉलसाठी शून्य, त्यापुढे १ ते ९ पैकी एक अंक आणि मग नऊ अंक, एवढाच पॅटर्न उघडा. मोबाइल आणि ०२६५चे (बडोद्याचे) लँडलाइन दोन्ही त्यात बसतात. सर्व्हरचा ५०६० पोर्ट (एसआयपी कॉल ज्यातून येतात-जातात तो) इंटरनेटवर उघडा राहिला आणि पासवर्ड ११०१ असला, तर चोर रातोरात परदेशी कॉल करून बिल फुगवतात.

आवाज एकाच बाजूनं येत असेल तर आधी राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलच्या संदेशांत ढवळाढवळ करणारी सोय) बंद करा. आणि फायबरचा डबा, राउटर, स्विच, गेटवे, सर्व्हर हे सगळं यूपीएसवर हवं. यातलं एक जरी सुटलं तरी वीज गेल्यावर बाहेरचे फोन बंद.