बाबांना आरती येते, मग माझं नाव का येत नाही?

प्रश्न : ताई, माझे सासरे बेस्टमध्ये कंडक्टर होते, आता रिटायर. मार्चमध्ये स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली. पाय बराच सुधारलाय, काठी घेऊन गॅलरीत जातात. पण बोलणं पार गेलंय, नुसतं 'ते… ते… अगं ते'. आणि गणपतीत काय झालं, तर सगळ्यांबरोबर आरती अख्खी म्हटली! आकडे येतात, चिडले की शिव्या तर एकदम क्लियर. फक्त माझं नाव येत नाही. चाळीत लोक म्हणतात म्हातारा नाटकं करतो. जाऊबाई म्हणतात वेखंड मधात उगाळून जिभेला लावा. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांत जे आलं ते आलं, पुढे काही नाही. मी करू तरी काय?
एक सून, भांडुप

उत्तर : नाटक अजिबात नाहीये, चाळीत माझं नाव घेऊन सांगा. ह्याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. बहुतेकांचा मेंदू भाषेचं काम डाव्या बाजूला करतो आणि अंगाची उजवी बाजूही तिथूनच हलते, म्हणून उजवा हात आणि बोलणं बरेचदा एकदमच जातं. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक पेशंट होता, काहीही विचारा, तोंडातून 'टॅन' एवढंच यायचं, समजायचं मात्र बऱ्यापैकी. तो वारल्यावर मेंदू बघितला तर बिघाड डाव्या बाजूला, पुढच्या भागात. म्हणजे दीडशेच्या वर वर्षं झाली हे कळून, आणि आपल्याकडे अजून 'नाटकं करतो'.

आता आरतीचं. आरती, पाढे, शिव्या, 'अरे देवा', हे सगळं वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं, एक सुरू झालं की पुढचं आपोआप येतं, शब्द शोधावा लागत नाही. तुमचं नाव मात्र शोधून काढावं लागतं, आणि अडतं ते तिथेच. तुमच्यावर राग वगैरे काही नाही हो. ह्याच आधारावर १९७० च्या दशकात बोस्टनमध्ये एक थेरपी निघाली, 'पाणी दे' सारखं छोटं वाक्य सुरात म्हणायचं आणि डाव्या हाताने ठेका द्यायचा. ज्यांना समजतं चांगलं पण बोलणं अडकतं अशांसाठी स्पीच थेरपिस्ट ती वापरतात, सगळ्यांना लागू पडत नाही. आरती आली म्हणजे आता बोलायला लागतील असंही धरून बसू नका.

वेखंड नको. दोष जिभेत नाहीच तर जिभेला लावून काय होणार? शिवाय स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांचं गिळणं बिघडतं, भलतंसलतं घशाखाली चुकून फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओलसर घोगरा होतो का बघा, होत असेल तर लगेच दाखवा.

आणि आता माझा खरा राग. पाहुणे आले की घरोघरी एक परीक्षा सुरू होते, 'बाबा, सांगा बघू ही कोण? हे काय? घड्याळ म्हणा, घ-ड्या-ळ!' ज्या माणसाने आयुष्यभर भरलेल्या बसमध्ये 'पुढे चला, पुढे चला' केलं त्याला बालवाडीत बसवल्यासारखं. ते पहिलं बंद करा. टीव्ही बंद करून समोर बसा, एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात, आणि उत्तराला वेळ द्या, म्हणजे खरंच द्या, आपण दोन सेकंदांत त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो. ओरडू नका, कान शाबूत आहेत. 'चहा हवा?' तर 'हो' म्हणतात आणि कप आणला की ढकलतात, असं होत असेल, कारण ह्या आजारात हो-नाहीची पण अदलाबदल होते. मग कप आणि पाण्याचा ग्लास दोन्ही समोर धरा, बोट दाखवतील.

शब्द अडला तर लगेच सांगून टाकू नका. समजा सांडशी हवीय, तर 'कुठे असते? काय करतो तिने?' विचारा. 'गॅस… गरम… धर' एवढं आलं तरी काम झालंच की, मग पहिला आवाज द्या, 'सां…', पुष्कळदा बाकीचं निघतं. पाटी देऊन 'लिहून दाखवा' करू नका, लिहिणं पण भाषाच, तेही बिघडतं. त्यापेक्षा फोटोंची वही करा, घरातली माणसं, गोळ्या, दूधवाला, बाथरूम, आणि त्यांच्या रूटचे स्टॉप ओळीने. कंडक्टर माणूस, स्टॉपवर जेवढा रमेल तेवढा फळांच्या तक्त्यावर नाही रमणार.

सहा महिन्यांचं मनावर घेऊ नका. सुधारणेचा जोर सुरुवातीच्या महिन्यांत जास्त असतो हे खरं, पण पुढे दार बंद होत नाही, वर्षांनंतरही लोक सुधारतात, फक्त थेरपी नियमित हवी. नायर हॉस्पिटलला स्पीच थेरपीचा विभाग आहे, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. प्रायव्हेटला गेलात तर थेरपिस्टचं आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नका.

प्रश्न : आई घरी मालवणी बोलायची, ऑफिसात इंग्लिश, शेजारी हिंदी. स्ट्रोकनंतर मालवणी थोडी येते, इंग्लिश गायब. नातू इंग्लिश मीडियमचा. कोणी म्हणतं एकच भाषा ठेवा नाहीतर गोंधळ होईल. खरं का?
दादर

उत्तर : नाही. कुठली भाषा आधी परत येईल ह्याबद्दल जुने दोन अंदाज आहेत, एक म्हणतो सगळ्यात आधी शिकलेली, दुसरा म्हणतो आजाराच्या आधी सगळ्यात जास्त वापरातली, आणि पेशंट दोन्ही खोटे पाडतात. काहींच्या सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात, काहींची एक पुढे एक मागे. तुमच्या आईंची मालवणी पुढे आहे तर जोर तिच्यावर द्या, थेरपिस्टलाही सांगा, नाहीतर ते पुस्तकी मराठीत तपासतील आणि मार्क कमी देतील. मध्येच हिंदी शब्द आला तर दुरुस्त करू नका, आपण मुंबईकर धडधाकट असताना तरी कुठे एका भाषेत वाक्य संपवतो! नातवाला म्हणावं चार मालवणी शब्द शिक.

प्रश्न : सासूबाईंचा डावा हात गेलाय, बोलणं व्यवस्थित आहे. पण ताटातली चटणी, कोशिंबीर शिवत नाहीत, आणि मग 'मला वाढलीच नाही' म्हणून भांडतात.
ठाणे

उत्तर : त्या खोटं बोलत नाहीयेत. मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झाला की कधी कधी डावी बाजू लक्षातूनच जाते, डोळे चांगले असले तरी. चटणी-कोशिंबीर वाढतो आपण डावीकडे, मग ती त्यांच्यासाठी नाहीच! ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावा आणि 'लाल दिसेपर्यंत मान वळवा' सांगत रहा, घाई असेल तर सरळ ताट फिरवा. गप्पा डावीकडून मारा म्हणजे वळायची सवय होईल, पण पाणी आणि बेल उजवीकडेच ठेवा. नजरेचा डावा अर्धा भाग खरंच गेलाय का हेही एकदा तपासून घ्या. रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नका.

प्रश्न : स्ट्रोकनंतर वडिलांची सही जुळत नाही, बँक पैसे देत नाही.
लालबाग

उत्तर : आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मॅनेजरला लेखी अर्ज द्या, तोंडी बोलून पुढच्या काउंटरला पाठवतात. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून घरूनच होतो. आणि अफेजिया कायमचा राहिला तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तो वाचा आणि भाषा दिव्यांगतेखाली नावानिशी आहे, सर्टिफिकेटचा अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, पोर्टलवर करायचा, थेरपीची फाईल जपून ठेवा, ती तिथे लागेल.