‘उपरा’ आधी वरचा होता, परका नंतर झाला

सोलापुरात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: “लोकांची मते अजमावायला आम्ही प्रश्नावली तयार करतोय. बाहेरून येऊन राहिलेली माणसे, शहरातल्या वेगवेगळ्या संस्कृती आणि याबाबतचे सरकारी धोरण, असे तीन भाग आहेत. ‘शहरात उपरे वाढले आहेत असे वाटते का?’ असा प्रश्न मी लिहिला होता. सरांनी ‘उपरे’ खोडून ‘परप्रांतीय’ केले. मैत्रीण म्हणते ‘स्थलांतरीत’ लिही. दुसऱ्या भागात ‘सांस्कृतिक वैविध्यतेमुळे शहराच्या मूळ संस्कृतीवर परिणाम झाला आहे का?’ असा प्रश्न आहे. भाषा बरोबर आहे का?”

तिन्ही शब्द नकोत. ‘वैविध्यता’ तर मुळीच नको.

मैत्रिणीचा शब्द आधी घेते. ‘स्थलांतरित’मधली ‘रि’ ऱ्हस्व आहे. लिखित, पठित, कल्पित यांच्याच पंगतीतला हा शब्द. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ लिहावा हा नियम तत्सम शब्दांना लागत नाही. मुद्रितशोधनाच्या कामात हा शब्द आला की दुसरी वेलांटी खोडून पहिली करायची, हे माझे नेहमीचे काम होऊन बसले आहे. अर्थ सरळ आहे: एक स्थळ सोडून दुसरीकडे गेलेला. पण त्या शब्दात जाणे आहे, राहणे नाही. पणजोबा करीमनगरकडून मागावर बसायला सोलापुरात आले, त्या घरातल्या आजच्या मुलीला स्थलांतरित कसे म्हणणार? तिचा जन्म शहराच्या पूर्वभागातला, शाळाही पूर्वभागातली. तिने कुठलेच स्थळ सोडलेले नाही.

सरांच्या ‘परप्रांतीय’ला माझा विरोध आहे आणि तो मी लपवणार नाही. हा शब्द रोज कानावर पडतो, त्यामुळे तो काय म्हणतो इकडे कुणाचे लक्षच जात नाही. संस्कृतात ‘प्रान्त’ म्हणजे कड, काठ, सीमा. पुढे तो मुलखाच्या एका भागाला लागला आणि इंग्रजी अमदानीत ‘मुंबई प्रांत’, ‘मध्य प्रांत’ असा रुळला. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि प्रांतांची राज्ये झाली. आज कायद्यात प्रांत नाही. महसूल खात्यात प्रांतसाहेब तेवढे उरले आहेत.

आता जुने प्रांत धरून सोलापूरचा हिशेब मांडून पाहा. विजापूर आणि धारवाड १९५६पर्यंत आपल्याबरोबर मुंबईतच होते. तुळजापूर इथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, पण ते निजामाच्या हैदराबादेत. म्हणजे विजापूरचा कानडी माणूस सोलापूरकराला स्वप्रांतीय आणि आई भवानीच्या दारातला मराठी माणूस परका. करीमनगरचा तेलुगू विणकर आणि तुळजापूरचा मराठी शेतकरी, दोघे एकाच निजामाची रयत. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली आणि हे सगळे एका रात्रीत फिरले. माणसे आपापल्या घरात झोपलेली होती. रेषा हलल्या. जो शब्द एका रात्रीत विजापूरकराला घरच्याचा परका करतो, त्याने प्रश्नावलीत माणसे मोजायची?

हाच राग मला ‘भूमिपुत्र’ या शब्दाचाही आहे. तुम्ही तो विचारलेला नाही, पण तिसऱ्या भागात तो येणारच, म्हणून आताच सांगते. संस्कृतात भूमिपुत्र म्हणजे मंगळ. भौम, कुज, महीसुत ही सगळी त्याच ग्रहाची नावे. ज्याला आपण दिवाळीत मारतो तो नरकासुरही भूमीचाच मुलगा, म्हणून त्याला भौमासुर म्हणतात. इतका जुना अर्थ अंगावर असलेला शब्द नोकरभरतीच्या मागणीत वापरताना कुणाला अडखळायला होत नाही, याचे मला नवल वाटते. ‘स्थानिक’ हा साधा शब्द आहे. तो वापरा.

आता ‘उपरा’. या शब्दासाठी मी कितीही वेळ देईन.

हा शब्द मुळात शेतसाऱ्याच्या दप्तरातला. मराठ्यांच्या राज्यात गावातल्या कुणब्यांचे दोन वर्ग होते. एक मिरासदार, त्यालाच थळकरी म्हणत. दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित. ती त्याला विकता येई, गहाण ठेवता येई, आणि सारा भरत असेपर्यंत त्याला कुणी हलवू शकत नसे. दुष्काळात परागंदा होऊन बऱ्याच वर्षांनी परतला तरी त्याचा हक्क धरला जाई. (‘परागंदा’ला संस्कृत ‘परा’ उपसर्ग लावून अर्थ सांगणारे भेटतात. तो फारसी शब्द आहे, अर्थ ‘विखुरलेला’. १८७६-७८च्या दुष्काळात या जिल्ह्यातून माणसे परागंदा झाली, तेव्हा हा शब्द अक्षरशः खरा होता.) उपरी बाहेरगावचा. पडीक जमीन कसायला आलेला. त्याची जमीन सरकारी, करार वर्षाचा किंवा कौलाचा, म्हणजे सरकारच्या लेखी सवलतीचा. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात हे दोन्ही वर्ग आहेत. विल्सनच्या महसुली शब्दांच्या कोशात ‘उपरी’ आहे, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही आहे.

इंग्रजी कागदपत्रांनी ‘उपरी’चे भाषांतर ‘मर्जीवरचे कूळ’ अशा अर्थाने केले आणि तिथेच घोळ झाला. त्यातून असे वाटते की उपरी म्हणजे कुणीही उचलून फेकावा असा माणूस. व्यवहार निराळा होता. लढाया आणि दुष्काळांनी गावे ओस पडत आणि सरकारला कसणारे हात हवे असत. म्हणून उपऱ्याला कौल दिला जाई, इस्तावा दिला जाई, म्हणजे पहिल्या वर्षी सारा नाममात्र आणि पुढे वर्षागणिक चढता. मिरासदाराला ठरलेला सारा भरावाच लागे, वर मिरासपट्टी हा जादा कर. उपऱ्याला परवडले नाही तर तो बैल जुंपून पुढच्या गावी जाई आणि तिथला पाटील त्याला बसवून घेई. सरकारने बोलावून आणलेला माणूस होता तो.

आता या दोन शब्दांची कुळी पाहा. ‘मिरास’ अरबी आहे. वारस, वारसा आणि मिरास हे एकाच अरबी धातूचे. ‘वतन’ही अरबी, मूळ अर्थ राहण्याचे ठिकाण, मायभूमी. आपण इथले, पिढ्यानपिढ्यांचे, हे ठासून सांगायला मराठीने निवडले ते दोन्ही शब्द अरबस्तानातून फारसीच्या पाठीवर बसून आलेले. पंढरीच्या वारकरी अभंगांत पांडुरंगाच्या पायांशी असलेल्या हक्कालाही ‘मिराशी’च म्हटले आहे. आणि बाहेरचा म्हणून ज्याला हिणवायचे, त्याच्यासाठीचा ‘उपरा’ मात्र अस्सल घरचा, संस्कृत-प्राकृतातून सरळ उतरलेला. हे पहिल्यांदा लक्षात आले त्या दिवशी मी हातातले मुद्रित बाजूला ठेवून दिले होते.

घरचा म्हणजे कुठून आला? माझे मत असे की तो ‘उपरि’पासून, म्हणजे ‘वर’पासून आला. एका व्याख्यानात एका निवृत्त प्राध्यापकांनी तो ‘अपर’चा, म्हणजे ‘दुसऱ्या’चा अपभ्रंश असल्याचे ठासून सांगितले. मी उठून विचारले की मग ‘प’ कसा टिकला? त्यांनी उत्तर दिले नाही, पुढचा प्रश्न घेतला. मुद्दा असा. दोन स्वरांमधला एकटा ‘प’ प्राकृतात ‘व’ होतो. ‘दीप’चा दिवा झाला, ‘कूप’चा, म्हणजे विहिरीचा, ‘कुवा’ झाला. ‘अपर’मधला ‘प’ एकटाच आहे, तो टिकण्याचे काही कारण नाही, आणि सुरुवातीच्या ‘अ’चा ‘उ’ का व्हावा हेही कुणी सांगत नाही. ‘उपरि’ची प्राकृतात दोन रूपे झाली. एक ‘उवरि’, ज्यातून आपला ‘वर’ आला. दुसरे ‘प’ दुहेरी झालेले, ‘उप्पर’सारखे, ज्यातून हिंदीचा ‘ऊपर’ आला. दुहेरी व्यंजन पुढे एकेरी होते, पण मरत नाही. ‘उपरा’, ‘उपरी’ त्या दुसऱ्या वाटेचे. उपरणेही त्याच वाटेचे असावे: अंगावर वरून घ्यायचे वस्त्र. चादरी आणि पंचे विणणाऱ्या गावात हे शब्द शेजारी बसलेले मला फार आवडतात. (‘उपरती’ला यात ओढू नका, तिचे घर वेगळे, ती ‘रम्’ धातूची. आणि ‘उपरोक्त’ही लिहू नका. उपरि अधिक उक्त, उपर्युक्त.)

मग ‘वरचा’चा ‘परका’ कसा झाला? त्याचे उत्तर ‘वरकड’ या शब्दात आहे. ‘वरकड मंडळी’ म्हणजे बाकीची, यादीत न धरलेली. ‘वरकमाई’ म्हणजे ठरल्या पगारावरची. ‘वर’ म्हणजे इथे मोजणीच्या वर. गावातली मिरासी थळे मोजून झाली, त्या मोजणीच्या वर जो आला तो उपरी. खाली-वर असा मान त्यात नाही, अपमानही नाही. ‘थळ’ म्हणजे स्थळ. थळकरी थळावरचा, उपरी थळांच्या गणतीवरचा. मैत्रिणीच्या ‘स्थलांतरित’मध्ये आणि जुन्या ‘थळकरी’मध्ये शब्द एकच आहे, हेही तिला सांगा.

आणखी एक पुरावा देते. आज सरकार ज्याला इथला म्हणते त्याला अधिवासाचा दाखला देते. त्यासाठी राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ‘अधिवास’मधला ‘अधि’ म्हणजे काय? वर. अधिवास म्हणजे एखाद्या जागेवर वसणे. संस्कृतात ‘अधि’ लागलेल्या ‘वस्’ धातूचे ठिकाण सप्तमीत न जाता द्वितीयेत जाते, त्यासाठी पाणिनीने वेगळे सूत्र केले आहे (१.४.४८). ‘ग्रामम् अधिवसति’, तो गावावर वसतो. उपरी काय करत होता? हेच. एकाच अर्थाच्या दोन शब्दांपैकी एकाला तहसीलचा शिक्का मिळाला आणि दुसऱ्याची शिवी झाली.

ती शिवी कधी झाली? इंग्रजांनी १८३६ साली इंदापुरात नवी जमाबंदी, म्हणजे सारा ठरवण्याची नवी पद्धत, सुरू केली आणि ती दख्खनभर पसरली. त्या पद्धतीत ज्याचे नाव खात्याला तो खातेदार, सारा भरला की जमीन त्याची. मिरासदार आणि उपरी हा भेद व्यवहारातून गेला. माझा तर्क असा की जमिनीपासून सुटल्यावर ‘उपरा’ मोकळा झाला आणि माणसाला हिणवायच्या कामी लागला. शब्दाचा कायदेशीर अर्थ सरकार काढून घेते, तेव्हा उरलेला अर्थ लोक आपल्या मर्जीने वाढवतात.

प्रश्नावली राहिलीच. ‘वैविध्यता’ हा शब्द नाही. विविधचे भाववाचक ‘विविधता’ किंवा ‘वैविध्य’, एक काहीतरी घ्या. एका नामाला दोन प्रत्यय कशाला? आणि ‘शहराची मूळ संस्कृती’ हे शब्द वाचून मला थांबावे लागले. सोलापूर म्हणजे सोळा गावांचे पूर, असे सांगणारे अजून भेटतात. सिद्धरामेश्वरांच्या नावाशी जोडलेले गावाचे जुने नाव ‘सोन्नलिगे’ आहे, आणि त्यांची बाराव्या शतकातली वचने कन्नडमध्ये आहेत. संक्रांतीला आपण ज्या नंदीध्वजांपुढे हात जोडतो ते त्यांचेच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो तेलुगू पद्मशाली समाजाचा. घरात तूप वाढताना आणि थोरल्या भावाला अण्णा, थोरल्या बहिणीला अक्का म्हणताना आपण कन्नड शब्द वापरतो. यातले मूळ कोणते आणि नंतर आलेले कोणते, हे उत्तर देणाऱ्याने ठरवायचे की प्रश्न विचारणाऱ्याने? ‘मूळ’ लिहिले की उत्तर तुम्हीच सुचवलेले असते. तो शब्द काढा.

पहिला प्रश्न असा लिहा: ‘गेल्या दहा वर्षांत दुसऱ्या राज्यांतून येऊन सोलापुरात राहू लागलेल्या लोकांची संख्या वाढली आहे, असे तुम्हाला वाटते का?’ लांब आहे, पण त्यात कुणाला खाली पाहावे लागत नाही, आणि कुणाविषयी विचारले आहे हे नेमके कळते. परदेशातून आलेल्यांविषयी विचारायचे असेल तर तो वेगळा प्रश्न करा, दोन्ही एकात कोंबू नका. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला देशात कुठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ने दिलेला आहे. परदेशातून येणाऱ्याचा कायदा निराळा. दोघांना एकच शब्द लावला तर धोरणाविषयीच्या तिसऱ्या भागातली उत्तरे कशाची आहेत, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

तिसऱ्या भागातला ‘धोरण’ चांगला शब्द आहे, ठेवा. संस्कृतात ‘धोरणि’ म्हणजे न तुटलेली ओळ, सलग परंपरा. आपला ‘धोरण’ तिथूनच आला असे मी मानते, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायचे आहे.