काडतूस ‘चालते’ की पिस्तूल ‘सोसते’?

फोंड्याहून एका अनुवादक ताईंनी विचारले आहे: ‘एका अमेरिकन माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद करते आहे. ‘प्लस पी’ अशी खूण असलेली काडतुसे नेहमीच्या पिस्तुलात वापरणे सुरक्षित आहे का, असा त्यात एक प्रश्न आहे. मी लिहिले, “जास्त ताकदीची गोळी साध्या पिस्तुलात चालते का?” भाऊ वाचून म्हणाला, “चालते म्हणजे काय? उडते, की धोका नाही?” वाक्य कसे सुधारू?’

ताई, तुमच्या भावाला जे खटकले तेच मलाही खटकले. ‘चालणे’ या आपल्या क्रियापदात फार काही मावते. फाटकी नोट चालत नाही, उपासाला साबुदाणा चालतो, पाहुण्यांना तिखट चालते, एका स्कूटरचा टायर दुसरीला चालतो. मुभा, आवड, माप जुळणे या सगळ्यांना आपण एकाच शब्दात बसवतो आणि बोलताना अडतही नाही, कारण समोरचा माणूस प्रसंगावरून अर्थ लावतो. हत्याराच्या पुस्तिकेत मात्र वाचकाला प्रसंगाचा आधार नसतो. तो एकटा असतो आणि हातात काडतूस असते.

तुमच्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत: बसते का, उडते का, सोसते का. प्लस पी म्हणजे उडताना आत नेहमीपेक्षा जास्त दाब निर्माण करणारे काडतूस. त्याची बाहेरची मापे नेहमीच्या काडतुसाइतकीच असतात. त्यामुळे ते पिस्तुलात बसते. चाप ओढला की उडतेही. पुस्तिका विचारते आहे ते तिसरे, की आत निर्माण होणारा दाब हे हत्यार सोसते का. ‘चालते का’ याला ‘हो’ असे उत्तर मिळाले, तर पहिल्या दोन प्रश्नांच्या जोरावर वाचक तिसरा प्रश्नही सुटला असे समजून बसेल.

माझे बालपण गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गेले. आजोबांकडे शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. दारूचे माप ते कोणाला घालू देत नसत. एकदा चुलत्यांनी आवाज मोठा व्हावा म्हणून बार थोडा जास्त भरायला सुचवले, तेव्हा ते कोकणीत एवढेच म्हणाले होते, ‘नळयेन सोंसपाक जाय.’ नळीने सोसायला हवे. तुमचा प्रश्न वाचताना तोच शब्द आठवला, आणि मराठीतही तोच नेमका आहे. झेपणे कामाला लावतात, पेलणे वजनाला. दाबाशी ‘सोसणे’च जुळते. साळावलीचे धरण पाण्याचा दाब सोसते, असेच आपण म्हणतो. शिवाय सोसण्यात काळही आला. एकदा सोसणे वेगळे आणि वर्षानुवर्षे सोसत राहणे वेगळे. या विषयात तो फरक फार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतोच.

आता ‘जास्त ताकदीची गोळी’. यातला ‘गोळी’ शब्द आधी काढा. गोळी म्हणजे नळीतून बाहेर जाणारा धातूचा तुकडा. पुंगळी, दारू, बुडाशी असलेली टोपी आणि गोळी मिळून होते ते काडतूस. हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आला, तसाच ‘पिस्तूल’ ‘पिस्तोला’वरून. पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कुठे कुठे जाऊन बसले याचा मोठा धांडोळा आपल्या बार्देशातल्या आसगावच्या मोन्सेन्योर दाल्गादुंनी घेतला आणि तो 1913 साली छापून आला. गोव्याच्या माणसाने तरी ‘काडतूस’ हा शब्द आळसाने ‘गोळी’च्या खात्यात टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

इथे शब्दाची चूक अर्थावरही उलटते. 9 मिलिमीटरच्या काडतुसात 115 ग्रेनची गोळी असते, तशी 147 ग्रेनचीही असते, म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅम आणि साडेनऊ ग्रॅम. जड गोळी असली म्हणून काडतूस प्लस पी होत नाही, आणि हलक्या गोळीचे काडतूस प्लस पी असू शकते. ‘ताकदीची’, ‘भारी’, ‘जड’ यांपैकी कोणतेही विशेषण घेतले तरी वाचक वजनाकडे वळतो. ‘पी’ हे अक्षर दाबासाठी, म्हणजे ‘प्रेशर’साठी आहे. तेव्हा दाब हाच शब्द हवा.

कोणता दाब? ‘उच्च दाब’ म्हटले की विजेच्या तारा आणि रक्तदाब डोळ्यांसमोर येतात. ‘उच्च दाबाचे काडतूस’ वाचून तर गॅसच्या सिलिंडरसारखे ते आधीच फुगलेले असावे असे वाटते. खोक्यात पडलेल्या काडतुसात दाब नसतो. दारू पेटली की क्षणभर तो निर्माण होतो. माझी पसंती ‘वाढीव दाबाचे काडतूस’ याला. वाढीव बिल, वाढीव पाणीपुरवठा म्हणताना आधी एक ठरलेला आकडा असतो आणि त्याच्यावर किती, ते आपण सांगतो. इथेही अगदी तसेच आहे. अमेरिकेतल्या शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेने 9 मिलिमीटरसाठी दाबाची मर्यादा 35,000 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) ठरवली आहे आणि प्लस पीसाठी 38,500. म्हणजे दहा टक्के वाढ. स्कूटरच्या चाकात हवा भरताना आपण 30च्या आसपासचा आकडा सांगतो तो याच एककातला, एवढे लक्षात घेतले की नळीवर काय येते याची कल्पना येईल. पॉइंट 38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात मर्यादा 17,000 आणि प्लस पीची 20,000, म्हणजे वाढ साडेसतरा टक्क्यांच्या पुढे. ‘जादा दाब’ हा शब्द मी राखून ठेवीन. कारखान्यात हत्यार पारखण्यासाठी मुद्दाम मर्यादेच्या बरेच वर जाणारी काडतुसे उडवतात, जादा म्हणावीत ती हीच. पण त्या एका चाचणीत तगले म्हणून हत्याराने रोज तेवढे सोसावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

पुस्तिकेत ‘प्लस पी प्लस’ अशीही खूण आली असेल. तिचे भाषांतर करू नका, आहे तशी ठेवा. या खुणेला सामीची ठरलेली मर्यादाच नाही, म्हणून तिला ‘अतिवाढीव’ वगैरे नाव दिले तर नसलेला आकडा असल्याचा भास होईल.

‘साध्या पिस्तुलात’ हेही बदला. साधे म्हणजे आपल्याला कमी प्रतीचे वाटते, आणि मुळात तसे म्हणायचे नाही. ‘नेहमीच्या दाबासाठी घडवलेल्या’ असे लिहा. शिवाय मुळात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही अभिप्रेत असणार. आपल्या बातम्यांत दोन्हींना सरसकट पिस्तूल म्हणतात, पण इथे रिव्हॉल्व्हरचे नाव घेतलेच पाहिजे, कारण जास्त जपायचे तिथेच आहे. पॉइंट 38ची जुनी किंवा हलक्या मिश्रधातूच्या सांगाड्याची रिव्हॉल्व्हरे प्लस पीसाठी घडवलेली नसतील, तर त्यांत ही काडतुसे घालायची नाहीत. 9 मिलिमीटरची आजची बरीच पिस्तुले प्लस पी सोसतात, पण तेही बनवणाऱ्याने आपल्या पुस्तिकेत तसे लिहिले असेल तरच. आणि तिथेही झीज लवकर होते, स्प्रिंग लवकर बदलावी लागते. काळ म्हटले तो हा.

हाच प्रश्न मापानेच सोडवल्याचे एक उदाहरण आहे, ते जमल्यास तळटीपेत द्या. 1935 साली पॉइंट 357 मॅग्नम हे काडतूस आले. ते पॉइंट 38 स्पेशलवरूनच बेतलेले, पण दाब दुपटीने. त्याची पुंगळी मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब ठेवली, म्हणजे ते जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. तिथे ‘बसत नाही’ हेच ‘सोसत नाही’चे उत्तर झाले. प्लस पीला ती सोय नाही. आपल्या देशातलेही एक सांगता येईल: बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात जुन्या पॉइंट 303 रायफलच्याच घडणीची रायफल 7.62 मिलिमीटरच्या काडतुसासाठी करायची ठरली, तेव्हा वाढलेला दाब सोसावा म्हणून पोलाद बदलून अधिक चांगले घेतले.

तर वाक्य असे होईल: ‘नेहमीच्या दाबासाठी घडवलेले पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर वाढीव दाबाचे (प्लस पी) काडतूस सोसते का?’ आणि उत्तराची सुरुवात अशी: ‘काडतूस बसले म्हणजे हत्यार ते सोसेल असे नाही. बनवणाऱ्याने पुस्तिकेत तशी स्पष्ट मुभा दिली असेल तरच वापरा.’ ‘मुभा’ इथे शोभतो, कारण ती कोणी तरी द्यावी लागते.

एक विनंती. प्लस पीची खूण काडतुसाच्या बुडावर रोमन अक्षरांत कोरलेली असते. देवनागरीत ‘प्लस पी’ वाचलेला माणूस ती बुडावर ओळखेलच असे नाही. अनुवादात त्या जागी बुडाचे चित्र छापायला प्रकाशकांना सांगाल का?