इक्वेडोरची पेटी आणि रावेरचा बोर्डभाव

भाऊ, तुम्ही विचारलंय की जगात सगळ्यात जास्त केळी भारतात पिकते, त्यात आपला जळगाव जिल्हा पुढे, तरी जगाला केळी विकणारा देश म्हटलं की इक्वेडोरचंच नाव का येतं? आपला शेतकरी कुठे कमी पडतो?

शेतकरी कमी पडत नाही, ते आधी बाजूला ठेवू. रावेर-यावलच्या पट्ट्यात टिश्यू कल्चरची रोपं आणि ठिबक येऊन आता कित्येक वर्षं झाली. हेक्टरी उत्पन्नात आपला हा पट्टा इक्वेडोरच्या मागे नाही, उलट पुढेच आहे. भारताची केळी वर्षाला तीन कोटी टनांच्या वर जाते. इक्वेडोर पिकवतो त्याच्या पाव हिश्श्याहून कमी, पण जवळजवळ सगळी बाहेर पाठवतो. आपल्याकडे दीडशे कोटी तोंडं घरातच आहेत, त्यामुळे दिल्लीची गाडी भरली की आपलं भागतं. हा फरक आधी मान्य करा. नाहीतर सगळं खापर सरकारवर फोडायची सवय लागते.

पण तेवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. केळी तर ग्वाटेमाला आणि होंडुरासमध्येही होती, इक्वेडोरच्या आधीपासून. तिथे युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीकडे जमीनही होती आणि रेल्वेही. ग्वाटेमालात रेल्वेवर आणि बंदरावर तिचाच ताबा. म्हणजे तुम्ही केळी पिकवली तरी ती न्यायची तिच्याच डब्यातून. 1952 मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष आर्बेंझ यांच्या सरकारने पडीक जमीन वाटायचा कायदा केला, त्यात कंपनीचीही जमीन गेली. 1954 मध्ये अमेरिकेच्या मदतीने ते सरकारच उलथलं. इक्वेडोरमध्ये मात्र 1948 ते 52 या काळात गालो प्लासा राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या सरकारने केळीसाठी लहान-मध्यम शेतकऱ्यांना कर्ज दिलं, किनारपट्टीच्या भागात रस्ते काढले. निर्यातदार तिथेही मोठेच झाले, पण बागा बऱ्याच अंशी देशातल्या मालकांच्या हाती राहिल्या. पीक तेच, गिऱ्हाईकही तेच. जमीन आणि रस्ता कोणाचा, एवढ्यावर गणित बदललं.

आता मुद्द्याची गोष्ट. इक्वेडोरमध्ये 1997 च्या कायद्यापासून पेटीचा किमान भाव सरकार ठरवतं. 43 पौंडांची, म्हणजे साधारण साडेएकोणीस किलोची पेटी. निर्यातदार आणि बागायतदार समोरासमोर बसतात, जमलं नाही तर मंत्रालय आकडा जाहीर करतं. पुढे लेखी करारही सक्तीचा झाला. ज्याच्याकडे करार आहे त्याला वर्षभर ठरलेला भाव मिळतो. ज्याच्याकडे नाही, तो मंदीच्या महिन्यांत जाहीर भावाच्या खूप खाली विकतो. हो, तिथेही लबाडी चालते, उगाच स्वर्ग समजू नका. पण करारवाला बागायतदार पुढच्या वर्षाचं उत्पन्न मोजू शकतो, म्हणून बागेत तारेवरून घड नेणारी सोय करतो, पॅकहाउस बांधतो. घड जमिनीला टेकत नाही. माल दिसायला चांगला, म्हणून भाव चांगला.

आपल्याकडे रावेरचा बोर्ड आहे, म्हणजे केळीच्या भावाचा फलक. रोज भाव जाहीर होतो, पेपरात छापून येतो. मी एकदा कांदेबागेची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लावणीच्या केळीची, कापणी दिली. त्या दिवशीचा बोर्डभाव डोक्यात ठेवून व्यापाऱ्याला होकार दिला. मजूर बागेत शिरले, निम्मा ट्रक भरला आणि मग फोन आला, "दादा, पुढे माल पडून आहे, क्विंटलमागे तीनशे कमी धरा." कापलेला घड परत झाडाला लावता येतो का? हातात होती एक कच्ची चिठ्ठी, तिच्यावर वजन होतं, भावाची जागा कोरी. तीनशे सोडले. घडाच्या दांड्याचं वजन म्हणून कापतात ती कटती वेगळी.

याला त्या एका माणसाचा स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. बोर्डावरचा भाव पाळला नाही तर कोणाचं काय बिघडतं? काहीच नाही. 2016 मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, शेतकऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून. मोकळीक मिळाली, पण सौदा बागेत तोंडी होतो आणि तोंडी सौद्याला साक्षीदार म्हणून उभा असतो त्याच व्यापाऱ्याचा मुकादम.

आणि हे बघायला इक्वेडोरलाही जायला नको. रावेरहून उठून बऱ्हाणपूरला जा. जुन्या खानदेशाची राजधानीच ती, फारुकी सुलतानांची. माती तीच, तापी तीच, पण राज्य मध्य प्रदेश, आणि तिथे मंडीत केळीचा लिलाव होतो. चार जण बोली लावतात, भाव सगळ्यांसमोर फुटतो. म्हणूनच आमच्याकडे सकाळी पहिला प्रश्न असतो, "बऱ्हाणपूर काय निघालं?" लिलावातही संगनमत होतं, मी पाहिलंय. पण मुक्या बोर्डापेक्षा चार तोंडं बरी.

इक्वेडोरचं नशीबही थोडं धरा. तिथल्या माचाला शहराभोवतीच्या बागांपासून बंदर अगदी शेजारी. आपल्याला उरणच्या बंदरापर्यंत चारशे-साडेचारशे किलोमीटर. वादळं त्यांच्या किनाऱ्यावर सहसा येत नाहीत, आपल्याकडे जूनमधल्या एका वाऱ्यात बाग आडवी होते. युरोपने 1993 मध्ये आपल्या जुन्या वसाहतींच्या केळीला झुकतं माप दिलं, त्यावरून मात्र इक्वेडोर पुढे जागतिक व्यापार संघटनेत वर्षानुवर्षं भांडला. 2009 च्या तडजोडीत टनामागे 176 युरोचा आयात कर टप्प्याटप्प्याने 114 वर आणायचं ठरलं. तिथे केळी हा राष्ट्राचा प्रश्न आहे, सरकार वकील लावतं. आपल्याकडे केळी म्हणजे दोन-तीन तालुक्यांचा प्रश्न.

तुम्ही यंदा आखाती देशांसाठी माल द्यायचा म्हणताय. तेरा किलोच्या पेटीचा व्यवहार असेल तर भाव, बाद मालाचं प्रमाण आणि पैसे किती दिवसांत, या तीन गोष्टी कापणीच्या आधी कागदावर घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी. आणि बाद ठरलेल्या फण्या कोण नेणार तेही विचारा, कारण पॅकिंग झाल्यावर बांधावर उरलेला ढीग तुमचाच असतो.