पाच जणांची साखळी: ऑगस्टमध्ये काय बघायचं?

एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, प्रीसीझनचे (मोसमाआधीचे सराव) सामने जवळ आले की पत्रांचा सूर बदलतो. या वेळी बहुतेकांनी ऑफेन्सिव्ह लाइनबद्दल विचारलंय, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर उभ्या राहणाऱ्या त्या पाच जणांबद्दल: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल.

आमच्या संघाची लाइन गेल्या वर्षी चाळणी होती. यंदा शिबिरातून ‘लाइन सुधारतेय’ अशा बातम्या येताहेत. टीव्हीवर बघून हे खरं की खोटं कसं ओळखायचं? (फ्रिस्को, टेक्सस)

स्कोअर बघूच नका. पहिल्या फळीचे खेळाडू मैदानात आले तरी थोडाच वेळ असतात. पुढचा सगळा सामना ९० जणांतून ५३ जणांच्या यादीत बसायला धडपडणाऱ्यांचा. त्यामुळे पहिले एक-दोन ड्राइव्ह (चेंडू हाती असतानाची सलग आक्रमणं) रेकॉर्ड करा आणि प्रत्येक प्ले (एकेक चाल) दोनदा बघा. एकदा फक्त सेंटर आणि दोन्ही गार्ड, दुसऱ्यांदा टॅकल.

पासच्या प्लेमध्ये गार्ड आणि टॅकल मागे सरकताना एकाच पातळीवर राहतात का, एवढं पकडा. कारण समोरचे स्टंट करतात, म्हणजे घुसण्याच्या वाटा आपसांत बदलतात. त्यांचा आतला माणूस, डिफेन्सिव्ह टॅकल, तिरका बाहेर घुसतो आणि त्याच्या पाठीमागून वळसा घेऊन टोकाचा एंड आत येतो. गार्डने आतल्या माणसाला ढकलत बाजूच्या टॅकलच्या हवाली करायचं आणि लगेच नजर आत वळवून वळसा घेणाऱ्याला अडवायचं. टॅकल दोन पावलं मागे आणि गार्ड पुढेच, असं झालं की अदलाबदल करताना दोघे एकमेकांवर आपटतात आणि मधल्या फटीतून एंड थेट क्वार्टरबॅकच्या छातीवर. नवशिका गार्ड बहुतेक वेळा एकच चूक करतो: आपला माणूस सोडवत नाही म्हणून त्याच्यामागे बाहेर धावत जातो.

रनच्या प्लेमध्ये लाइनमधले दोघे मिळून एका डिफेन्सिव्ह टॅकलला रेटतात, मग दोघांपैकी एक सुटून त्याच्या मागे उभ्या लाइनबॅकरवर जातो. लवकर सुटला तर रेटलेला माणूस दोघांच्या मधून निसटतो. उशीर केला तर लाइनबॅकर चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला लाइनवरच आडवा करतो. दोघांच्या कमरा चिकटलेल्या आणि नजर लाइनबॅकरवर असेल, तर काम जमतंय असं समजा.

एक सावधगिरी. प्रीसीझनमध्ये बचाव करणारे संघ आपले खास ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जास्तीची माणसं सोडण्याच्या चाली) झाकून ठेवतात, त्यामुळे तिथला स्वच्छ पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीची सुरक्षित जागा) अर्धाच पुरावा. दोन संघांच्या एकत्र सरावात पहिली फळी पहिल्या फळीशी भिडते. त्या बातम्यांना आम्ही जास्त वजन देतो. याउलट ‘एकास एक’ ड्रिलमध्ये लाइनमन हरला म्हणून हळहळू नका. तिथे शेजारी मदतीला कोणी नसतो आणि हल्ला करणाऱ्याला दोन्ही बाजू मोकळ्या मिळतात.

जुलैत लाइन कशी आहे हे का सांगता येत नाही? पास झेलणारे रिसीव्हर तर पहिल्या दिवसापासून चमकतात! (पुणे)

कारण पॅडशिवाय ब्लॉकिंग होत नाही. शिबिराचे पहिले काही दिवस पॅड नसतात, आणि लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२० च्या करारानुसार पॅडसह सराव जास्तीत जास्त १६. त्या मोजक्या दिवसांत पाच जणांना एकमेकांची पावलं ओळखायची असतात.

कॅन्सस सिटी चीफ्सचं २०२१ बघा. त्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, टॅम्पा बेकडून ९-३१ अशी हार झाली. एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल जायबंदी होते आणि क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स अख्खा सामना जीव मुठीत धरून पळत होता. संघाने दोन्ही टॅकलना सोडलं. बॉल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर आला, न्यू इंग्लंडकडून जो थुनी. ड्राफ्टमधून (कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीतून) दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत ट्रे स्मिथ मिळाला. स्मिथला कॉलेजात असताना फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून तो इतका खाली घसरला होता. कोविडमुळे २०२० चा मोसम सोडलेला लुकस नियांग राइट टॅकलला उभा राहिला. मोसमाच्या पहिल्या सामन्यात पाचच्या पाच नवे, आणि त्यातल्या तिघांचा तो एनएफएलमधला पहिलाच खरा सामना! ओळख व्हायला सेंट जोसेफचं शिबिर आणि प्रीसीझनचे तीन सामने एवढंच मिळालं होतं. राइट टॅकलला पुढे अँड्र्यू वायली आला, बाकी चौघे टिकले. फिलाडेल्फियाच्या बचावाने २०२२ च्या मोसमात ७० सॅक केले होते, म्हणजे पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला ७० वेळा पाडलं होतं. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये याच लाइनसमोर त्यांना एकही मिळाला नाही.

कबड्डीत साखळी हात धरूनच करतात. इथे धरलं की दंड. मग हे अडवतात कसे? (सांगली)

हात समोरच्याच्या छातीच्या चौकटीत असले आणि तो समोरच राहिला, तर पंच सहसा कानाडोळा करतात. तो बाजूने निसटतोय आणि तुम्ही जर्सी ओढून त्याला थांबवलंत की होल्डिंग, १० यार्ड मागे. मूळ खोट बहुधा पावलांत असते. पाय उशिरा पोचले की हात चोरी करतात. कबड्डीशी साम्य वेगळ्या जागी आहे: साखळीतला एक जण घाईने पुढे झाला की चढाई करणारा दोघांनाही मारून जातो.

मुलगा १५ वर्षांचा आहे, शाळेच्या संघात टॅकल. घरी पॅडशिवाय काय करून घेऊ? (एडिसन, न्यू जर्सी)

पावलं. ड्राइव्हवेवर खडूने पाच यार्डांची सरळ रेघ ओढा. तो गुडघे वाकवून, छाती वर ठेवून, पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद ठेवून उभा राहील. बाहेरचा पाय साधारण वीतभर मागे, मग आतला पाय तेवढाच. अशी पाच पावलं म्हणजे एक फेरी. डाव्या बाजूने सहा, उजव्या बाजूने सहा, आठवड्यातून तीन दिवस. तो असा वाकलेला असताना त्याच्या डोक्याच्या जरा वर येईल अशी कपडे वाळत घालायची दोरी ताणा. दोरीला डोकं लागलं म्हणजे तो उभा होतोय.

फोन जमिनीलगत ठेवून बाजूने चित्रीकरण करा. पाय एकमेकांना टेकले की तोल गेलाच. टाचा उचलल्या जात असतील तर वजन फार पुढे आहे. कमरेत वाकत असेल तर समोरचा त्याचेच हात खाली ओढून पुढे निघून जाईल, ही सगळ्यात महागात पडणारी खोड. मग हात: कोपरं बरगड्यांजवळ, अंगठे वर, तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने भिंतीला टेकवलेल्या गादीवर दहा-दहा ठोसे. पाऊल टेकल्यावरच हात सुटायला हवा. आधी सुटला तर समोरचा तो झटकून देतो.

हे सगळं सकाळी करा. मिनेसोटा व्हायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर १ ऑगस्ट २००१ ला शिबिरातल्या उष्माघाताने गेला. बोलण्यात गोंधळ, अडखळती चाल किंवा शुद्ध हरपणं दिसलं तर ९११ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट न बघता त्याला बर्फाच्या पाण्यात बसवा, डोकं मात्र धरून पाण्याबाहेर ठेवा.