पुढची निवडणूक आत्ताच सुरू होते

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. 15 जानेवारी 2026 ला महापालिकेचं मतदान झालं, तुम्ही महिनाभर पथनाट्यं केलीत, फेऱ्या काढल्यात, तरी तुमच्या भागातले लोक फारसे बाहेर पडले नाहीत. 'लोकांना काही पडलेलीच नाही' असं तू लिहिलं आहेस. ते मला पटत नाही. पडलेली नसती, तर तुंबलेल्या गटारावरून रोज एवढी भांडणं झाली नसती. त्या गटाराचा आणि आपल्या मताचा संबंध त्यांना दिसलेला नाही, एवढंच. आणि तो दिसायला महिनाभराचा प्रचार पुरत नाही.

मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं घटनेत स्पष्ट लिहिलेलं असतानाही पुढे जवळपास चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. तुमच्याबरोबरच्या कितीतरी मुलांनी मतदार झाल्यापासून आपला नगरसेवक पाहिलेलाच नव्हता. ज्याच्याकडे कधी गेलोच नाही, त्याला निवडायला सुट्टीच्या दिवशी रांगेत कोण उभं राहील? मला यात आळस दिसत नाही, तुटलेली सवय दिसते.

म्हणून आता थांबू नका. पहिलं काम मतदारयादीचं. राज्य निवडणूक आयोग महापालिकेसाठी वेगळी नोंदणी करत नाही. ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेऊन तिचीच प्रभागवार विभागणी होते. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर जागा झालेल्या माणसाच्या हाती काही राहत नाही. प्रारूप यादीवर हरकती घेता येतात, पण मूळ यादीत नावच नसेल तर ते तिथे नव्याने घालता येत नाही. विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर नमुना 6 चा अर्ज, पत्ता बदलला किंवा तपशील चुकला असेल तर नमुना 8 चा. हे दोन्ही आत्ता, निवांत असताना भरून घ्या.

यादी वाचायची कशी, तेही सांगतो. एका वेळी एकच इमारत घे. छापील पानं आणि पेन्सिल घेऊन तिथल्याच एखाद्या जुन्या रहिवाशाशेजारी बस आणि एकेक नाव मोठ्याने वाच. 'हे वारले', 'हे घर विकून गेले', 'ही यांची सून, हिचं नाव अजून माहेरीच आहे', 'या दोघा भावांचं घर एकच, मग याद्या वेगळ्या कशा?' तासाभरात इतकं निघतं की लिहून घेताना हात भरून येतो. आणि ज्याच्या सुनेचं नाव तुम्ही खटपट करून यादीत आणाल, त्याला मतदानाच्या दिवशी बोलवायला जावं लागत नाही, तो शेजाऱ्यालाही घेऊन येतो. कुठल्याही घोषणेपेक्षा या कामावर माझा जास्त विश्वास आहे.

दुसरी अडचण चार मतांची. मुंबईत एका प्रभागाचा एकच नगरसेवक असतो, पण तुमच्याकडे चार. अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी मत द्यायचं असतं, कुणीच पसंत नसेल त्या जागेसाठी 'नोटा' असतो, हे शिकल्यासवरल्या माणसांनाही केंद्रात गेल्यावर कळतं. चौघे असले की जबाबदारी कुणाची, हाही घोळ होतो. तेव्हा कुठलंही निवेदन एकाला देऊ नका. चौघांना एकच पत्र, चौघांच्या नावाने, आणि प्रत्येकाकडून पोच घ्या.

पक्षाची माणसं मदतीला येतील. यादीच्या कामात जरूर घ्या, पण सगळ्या पक्षांची घ्या. एकाच रंगाचं उपरणं दिसलं की निम्मी दारं बंद होतात.

आता त्या पत्रात काय लिहायचं, ते महापालिकेच्या अंदाजपत्रकातून शोध. अंदाजपत्रक आयुक्त आधी स्थायी समितीपुढे मांडतात, मग ते सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेत जातं. त्यात तुमच्या प्रभागाच्या नावावर कोणती कामं धरली आहेत, तेवढीच पानं काढ. त्यातलं एकच काम निवड, शक्यतो रोजच्या वाटेवरचं, आणि त्याबद्दल चौघांना पत्र लिही. मसुदा आधी मला पाठव, तपासून लगेच परत करतो.

तुझा,
काका